रासबेरी पिवळी पडली? युरियाआधी या चुका टाळा

कुंडीतल्या रासबेरीची पानं पिवळी दिसली की पहिला हात युरियाकडे जातो. तो जरा आवरा. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे की बुडाच्या जुन्या पानांवर, एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं.

शेंडा पिवळा, शिरा मात्र हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. ऊसवाले यालाच 'केवडा' म्हणतात. रासबेरीला मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) साधारण 5.5 ते 6.5 हवा. कराड, सांगली, मिरजेच्या काळ्या मातीत बहुतेक ठिकाणी चुनखडी असते, वर बोअरचं जड पाणी. लोह मातीत असतं, पण सामू चढलेला असल्यानं मुळांना उचलता येत नाही. महाबळेश्वरच्या लाल मातीत खुशाल वाढणारं रोप खाली आणलं की पुढची फूट पिवळी येते ती यामुळेच. खात्री करायची तर चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे.

अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ते लगेच निकामी होतं. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि मग 5 ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, 10 दिवसांनी पुन्हा. द्रावण तांबूस झालं तर ओतून द्या. मातीतूनच द्यायचं असेल तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट घ्या, म्हणजे लोह मुळांना उचलता येईल असं बांधून ठेवणारं खत. स्वस्तातलं ईडीटीए चुनखडीत टिकत नाही. आणि अंड्याची टरफलं, चुलीतली राख कुंडीत घालणं बंद करा. दोन्हींनी सामू चढतो.

जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम कमी आहे. पोटॅशचा मारा जास्त झाला तरी असंच होतं. लिटरला 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा. जुनं पान शिरांसकट फिकट आणि फूट बारीक असेल तरच नत्राची पाळी. तेव्हाही युरियापेक्षा अमोनियम सल्फेट बरं, कारण ते सामू थोडा उतरवतं. 15 इंची कुंडीला 5 ग्रॅम, ओल्या मातीत.

कडा करपल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर क्षार साचलेत. साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं कुंडी भरपूर धुवा.

मार्च-एप्रिलमध्ये पानावर बारीक फिकट ठिपके पडून ते तांबूस-करडं होतं. पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालायला लागले तर ती लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा. खताचा इथे उपयोग नाही.

पावसाळ्यात माती ओली असूनही रोप मलूल आणि पिवळं दिसलं तर खत मुळीच देऊ नका. मूळ उकरून बघा. तपकिरी, साल सुटणारं असेल तर मूळकूज झालीय. पाणी तोडा, कुंडीची भोकं मोकळी करा.

फळ देऊन झालेल्या काडीची पानं पिवळी पडून वाळणं हा मात्र रोग नव्हे. ती काडी दुसऱ्या वर्षी फळून मरतेच. जमिनीलगत छाटा, शेजारच्या हिरव्या नव्या काडीला हात लावू नका.