कलमातलं मन शोधताना

माझ्या वकिलीच्या ऑफिसात नवा ज्युनिअर आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पेन्सिल आणि भारतीय न्याय संहिता (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला फौजदारी कायदा) देते आणि कलम 303 वाचायला सांगते. चोरीचं. तो वाचतो, मग स्वतःच्या शब्दांत सांगतो: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू संमतीशिवाय हलवणं. 'अप्रामाणिकपणे' हा शब्द दहातल्या आठ जणांकडून सुटतो. दुसऱ्याची छत्री आपली समजून उचलली, तर बाकीचं कलम जवळपास तंतोतंत लागू होतं, पण चोरी होत नाही, ती या एका शब्दामुळे.

तर पहिलं काम हेच. कलमात मनाचा शब्द, म्हणजे आरोपीच्या मनात काय असायला हवं ते सांगणारा शब्द, कुठे बसलाय ते शोधा आणि त्याला गोल करा. उद्देशाने, जाणीव असताना, अप्रामाणिकपणे, कपटीपणाने, इच्छापूर्वक, अविचाराने किंवा हयगयीने. मग कलम 2 उघडून त्या शब्दाची व्याख्या आहे का पाहा. रोजच्या मराठीतल्या अर्थावर विसंबू नका. 'अप्रामाणिकपणे' म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या उद्देशाने. 'किंवा' महत्त्वाचा. स्वतःला दमडी मिळाली नाही तरी समोरच्याचं नुकसान व्हावं म्हणून वस्तू पळवणारा यात अडकतो. 'इच्छापूर्वक' तर आणखी फसवा. परिणाम हवाच होता असं नाही; तो होण्याचा संभव आहे हे माहीत होतं, एवढंही पुरतं. संहितेतलंच उदाहरण आहे: लूट सोपी जावी म्हणून रात्री राहत्या घराला आग लावली आणि आत माणूस मेला. कोणी मरावं असं त्याला वाटत नसेल, नंतर वाईटही वाटलं असेल, तरी तो मृत्यू त्याने 'इच्छापूर्वक' घडवला.

दुसरं, हेतू आणि उद्देश वेगळे ठेवा. हे मी भर कोर्टात शिकले. माझ्या पहिल्या सत्र खटल्यात मी वीस मिनिटं सांगत होते की आरोपीचं मयताशी वैर नव्हतं, पैशाचा वाद नव्हता, जमिनीचा नव्हता. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हेतू नव्हता हे समजलं. उद्देशाबद्दल काही बोलणार आहात का?" बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. माणूस 'का' करतो तो हेतू. करताना त्याला नेमकं काय घडवायचं होतं तो उद्देश. प्रत्यक्षदर्शी पुरावा भक्कम असेल तर हेतू सापडला नाही म्हणून खटला पडत नाही.

तिसऱ्या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे गोल केलेला शब्द, उजवीकडे तो दाखवणारा पुरावा. फिर्यादीतलं वाक्य पुरावा म्हणून उतरवू नका. 'जिवे मारण्याच्या उद्देशाने' हे शब्द फिर्यादीत सवयीने पडतात. माझ्याकडच्या एका फाइलमध्ये 'जिवे मारण्याच्या उद्देशाने लाकडी दांडक्याने मारहाण' असं लिहिलं होतं आणि वैद्यकीय दाखल्यात डाव्या पोटरीवर एक साधी जखम. दांडकं तिथेच पडलेलं, भांडणात हाताला लागलेलं. उजव्या बाजूला हे सगळं लिहायचं: हत्यार घरून आणलं की जागेवर सापडलं, वार कुठे, किती, किती जोराने, मारताना काय बोलला, माणूस पडल्यावर थांबला की मारत राहिला.

पण वार एकच होता म्हणून सुटकेचा निश्वास टाकू नका. 1958 च्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच घाव होता, पोटात. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या लेखणीतून जी कसोटी सांगितली ती आजही रोज वापरली जाते. ही जखम मृत्यूला पुरेशी आहे हे आरोपीला ठाऊक होतं का, असं विचारायचंच नाही. विचारायचं ते एवढंच: हीच जखम त्याला करायची होती, की भाला घसरून, चुकून तिथे लागला? तीच करायची होती असं दिसलं, तर ती निसर्गक्रमानुसार मृत्यू आणण्यास पुरेशी होती की नाही हे डॉक्टरच्या साक्षीवरून ठरतं. आरोपीच्या डोक्यात शिरायची गरज तिथे संपते. ज्युनिअरना हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

मृतदेह एकच असतो, पण डावीकडचा शब्द बदलला की शिक्षा बदलते. कलम 103, खून: फाशी किंवा जन्मठेप. कलम 105, खून न ठरणारा सदोष मनुष्यवध: उद्देश असेल तर जन्मठेप किंवा 5 ते 10 वर्षं, नुसती जाणीव असेल तर 10 वर्षांपर्यंत. कलम 106(1), हयगयीने मृत्यू: 5 वर्षांपर्यंत, जुन्या दंड संहितेच्या 304-अ मध्ये 2 होती. (1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनेला जुनीच संहिता लागते, हे विसरून चुकीची कलमं टाकलेले अर्ज मी पाहिलेत.) चेरुबिन ग्रेगरी खटल्यात परक्यांनी शौचालय वापरू नये म्हणून एकाने तिथे वीजप्रवाह सोडलेली तार लावली आणि एक बाई मेली. तिला मारायचं नव्हतं हे खरं, तरी शिक्षा 304-अ खाली झालीच.

कलमात मनाचा एकही शब्द नसेल तर? तिथे कायदा कशासाठी केलाय ते पाहावं लागतं. नोव्हेंबर 1962 मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेल्या एका प्रवाशाकडे मुंबईच्या विमानतळावर 34 किलो सोनं सापडलं. सोन्याबद्दलचा नवा नियम राजपत्रात येऊन चारच दिवस झाले होते. आपल्याला तो माहीतच नव्हता, हा बचाव सर्वोच्च न्यायालयात बहुमताने फेटाळला गेला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. उलट नथुलाल खटल्यात धान्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेला आणि तो मिळेलच असं प्रामाणिकपणे समजणारा व्यापारी सुटला. मी बचावाच्या बाजूची, त्यामुळे मला नथुलाल जवळचा.

शेवटी अपवाद तपासा, म्हणजे कृत्य घडूनही गुन्हा ठरत नाही अशा परिस्थिती, कलम 14 ते 44. दारूचं आधी मिटवून टाकते, कारण पक्षकार हमखास विचारतात: स्वतःहून प्यायलेल्याला जाणीव शुद्धीवरच्या माणसाइतकीच होती असं धरलं जातं. 1956 च्या बासदेव खटल्यात लग्नात जागेवरून सरकला नाही म्हणून एका मुलावर गोळी झाडणाऱ्या तर्र माणसाला खुनाचीच शिक्षा कायम झाली.

तथ्याची चूक मात्र खरंच वाचवते. ओडिशात रासगोविंदपूरच्या ओस पडलेल्या विमानतळावर रात्री हलत्या उजेडाभोवती भुतं नाचताहेत असं समजून एका माणसाने खुकरी चालवली. ती गावातली माणसं होती. एक बाई मेली. उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष सुटका कायम ठेवली, कारण त्याचा समज सद्भावनेचा होता. पण संहितेत सद्भावना म्हणजे नुसता भोळेपणा नव्हे, रास्त काळजी आणि लक्ष हवं. आणि अपवाद दाखवायची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 108 ने आरोपीवर टाकली आहे. म्हणून "मॅडम, चुकून झालं हो" असं कोणी म्हटलं की मी विचारते: कळल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय केलंत? जखमीला कोणी उचललं, पहिला फोन कुणाला गेला? उत्तर आलं की उजव्या रकान्यात लिहून घेते, आणि समोर साक्षीदाराचं नाव.