कन्व्हर्जन करताना आधी कार्बन मोजा

सेंद्रिय रसायनशास्त्रात एका संयुगापासून दुसरं बनवायचा प्रश्न, म्हणजे कन्व्हर्जन, दिसलं की पोरं लगेच रीएजंट (त्यासाठी वापरायचं रसायन) आठवायला लागतात. देवगडच्या माझ्या क्लासात आधी दोन्ही टोकांचे कार्बन मोजायचे, तोवर कुणी रीएजंटचं नावही काढायचं नाही.

उदाहरणार्थ, इथेनॉलपासून प्रोपेनॉइक अ‍ॅसिड. दोनाचे तीन झाले, म्हणजे एक कार्बन वाढवणारं सायनाइड कुठेतरी येणार. आता शेवटाकडून मागे चला. अ‍ॅसिड कशातून? नायट्राइलच्या हायड्रॉलिसिसमधून. नायट्राइल? क्लोरोइथेनवर अल्कोहोलिक केसीएन (पोटॅशियम सायनाइड). क्लोरोइथेन? इथेनॉलवर थायोनिल क्लोराइड. हेच सुलट लिहिलं की उत्तर तयार. केसीएनऐवजी सिल्व्हर सायनाइड लिहिलंत तर आयसोसायनाइड बनतं आणि हायड्रॉलिसिसनंतर हाती अमाइन येतं. एक कार्बन कमी करायचा असेल तर हॉफमन अभिक्रिया: अमाइडवर ब्रोमिन आणि कॉस्टिक सोडा. आणि केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लिहिलंत की पुढे ‘जलीय’ की ‘अल्कोहोलिक’ ते लिहायचंच. एकाने अल्कोहोल मिळतं, दुसऱ्याने अल्कीन. नुसतं केओएच दिसलं की मी मार्क कापते.

माझा आवडता प्रश्न मात्र इथेनॉलपासून लॅक्टिक अ‍ॅसिड. ‘बाई, तिसरो कार्बन खंयसून इलो?’ असं कुणीतरी विचारतंच. पीसीसी या सौम्य ऑक्सिडीकारकाने इथेनॉलचं इथेनॅल करा, त्यावर एचसीएन (हायड्रोजन सायनाइड) घालून सायनोहायड्रिन, मग हायड्रॉलिसिस. आता मधल्या कार्बनकडे बघा: हायड्रोजन, ओएच, मिथाइल, सीओओएच. चारही वेगळे, म्हणजे कार्बन कायरल.

कायरल म्हणजे काय, ते कळायला घरी तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) केल्या की एकीचे दोन्ही शिंपले घ्या. ते समोरासमोर आरशातल्यासारखे असतात. पण दोघांची पाठ वर आणि बिजागरीची कड आपल्यापासून लांब ठेवलीत, तर एकाचं टोक डावीकडे वळतं, दुसऱ्याचं उजवीकडे. कितीही फिरवा, एकावर एक चपखल बसत नाहीत. लॅक्टिक अ‍ॅसिडच्या दोन रूपांचं तेच. उत्कलनबिंदू एकच, पण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल एक रूप उजवीकडे वळवतं, दुसरं तेवढंच डावीकडे. 1848 साली लुई पाश्चरने सोडियम अमोनियम टार्टरेटचे असे डावे-उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले होते.

मग आपलं लॅक्टिक अ‍ॅसिड प्रकाश वळवेल? नाही. इथेनॅलचा कार्बोनिल गट सपाट असतो, सायनाइड दोन्ही बाजूंनी सारखंच येतं, दोन्ही रूपं निम्मी-निम्मी. रेसिमिक मिश्रण, वळण शून्य. उत्तरात हे एक वाक्य जरूर लिहा.

कायरल कार्बनभोवतीच्या गटांची मांडणी सांगणाऱ्या आर-एस या अक्षरांवरून मात्र अधिक-उणे (प्रकाश उजवीकडे की डावीकडे) ठरवू नका. स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक अ‍ॅसिड एस आहे आणि प्रकाश उजवीकडे वळवतं. त्याचं मिथाइल एस्टर केलं तर कायरल कार्बनचा एकही बंध तुटत नाही, ते एसच राहतं, पण वळवतं डावीकडे. चिन्ह पोलॅरीमीटर (प्रकाशाचं वळण मोजणारं उपकरण) सांगतो. पेपरात दिलं असेल तरच लिहा.