एसएसबीचे पाच दिवस: गडी नेमका कुठे बाद होतो

एनडीएचा, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेचा, लेखी निकाल लागला की घरी पेढे येतात, शाळेच्या फलकावर नाव झळकतं आणि त्या गडबडीत एक बारीक काम राहून जातं. अर्जात पहिली पसंती भूदलाला दिली असेल, तर निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत ‘जॉइन इंडियन आर्मी’ या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करायची असते, आणि तीही यूपीएससीच्या अर्जात दिलेल्याच ई-मेलवरून. लेखी पास होऊनही एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचणीचं, तोंड न पाहण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ही नोंदणी विसरणं.

दुसरी अडचण नावाची. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. यूपीएससीचा अर्ज भरताना दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच लिहा. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंगही तिथूनच उचला. केंद्रावर मूळ कागद तपासले जातात, झेरॉक्स दाखवून भागत नाही.

वाटा अनेक आहेत. एनडीएसाठी वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. जन्मतारखेची नेमकी मर्यादा जाहिरातीत दिलेली असते. उमेदवार अविवाहित हवा. भूदलाला बारावीची कोणतीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागतं. २०२२ पासून मुलीही एनडीएत आहेत. बारावीला हे तीन विषय घेऊन ६० टक्के मिळाले असतील आणि जेईई मेन दिली असेल, तर टेक्निकल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं. पदवीधरांना सीडीएस ही यूपीएससीचीच परीक्षा आहे, एनसीसीचं सी प्रमाणपत्र असलेल्यांना त्यांची स्वतंत्र एंट्री आहे. कुठूनही शिरा, एसएसबी सगळ्यांना सारखीच.

लेखी परीक्षेचं थोडक्यात सांगायचं तर गणिताला ३०० गुण आणि १२० प्रश्न, सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण आणि १५० प्रश्न, दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. मुलं सगळा जोर गणितावर लावतात आणि ६०० गुणांच्या पेपरातल्या इंग्रजीच्या २०० गुणांकडे काणाडोळा करतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी इथे रोजचा तासभर दिला, तर पुढे एसएसबीतही तो कामाला येतो.

आता मुख्य गोष्ट. एसएसबीलाही ९०० गुण आहेत, म्हणजे अर्धा पल्ला इथे. तिथे तीन परीक्षक तुम्हाला वेगवेगळं तपासतात. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिखाण वाचतो आणि शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्याशी बोलत नाही. मुलाखत घेणारा अधिकारी समोरासमोर बोलतो. जीटीओ, म्हणजे गटाची कामं घेणारा अधिकारी, मैदानावर बघतो. शोधायचे गुण तिघांचे तेच, एकूण पंधरा. शेवटी तिघं आपापला निष्कर्ष घेऊन एका टेबलाशी बसतात. पाठ केलेला माणूस कागदावर एक दिसतो, मैदानावर दुसरा आणि मुलाखतीत तिसराच. क्लासमध्ये हजारो रुपये भरून नेमकं हेच पाठांतर विकत घेतलं जातं, हे दुर्दैव.

भूदलाची निवड केंद्रं भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू अशा ठिकाणी आहेत. एखाद्या प्रकारच्या एंट्रीसाठी पहिल्यांदाच जात असाल तर थ्री-टियर एसीचं जाण्यायेण्याचं भाडं मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेवा. पोचलात की चेस्ट नंबर मिळतो आणि पाच दिवस तेच तुमचं नाव.

पहिला दिवस चाळणीचा. तर्कशक्तीच्या दोन चाचण्या आणि मग पीपीडीटी. एक धूसर चित्र ३० सेकंद दिसतं. मग एका मिनिटात चित्रातली माणसं किती, त्यांचं वय, लिंग आणि मनःस्थिती नोंदवायची, आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. यानंतर गटात प्रत्येकाने आपली गोष्ट मिनिटभरात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक सामाईक गोष्ट ठरवायची. बरेच जण इथूनच घरी जातात. बाजार भरतो, सगळे एकदम ओरडतात, आणि त्यात दोन टोकं बाद होतात: तोंडच न उघडणारा आणि कुणाला बोलूच न देणारा. गलका थोडा ओसरला की दोन-तीन वेळा मुद्द्याचं, ऐकू जाईल असं बोलणं पुरेसं असतं. स्वतःची गोष्ट सांगताना अडखळलात तर चालतं, पण लिहिलेली आणि सांगितलेली गोष्ट वेगळी निघाली तर चालत नाही.

टिकलात की पीआयक्यू नावाचा फॉर्म नीट भरा. मुलाखतीचे निम्मे प्रश्न यातूनच निघतात. घरचं उत्पन्न, शिक्षण, टक्केवारी, खेळ, छंद, आधीचे प्रयत्न, शिवाय तुमचं गाव जिल्ह्याचं ठिकाण आहे का आणि त्याची लोकसंख्या किती, हेही त्यात येतं. ‘ट्रेकिंग’ हा छंद लिहिणाऱ्याला मागच्या वर्षी कोणते गड केले, पाणी किती नेलं, वाट चुकली तेव्हा काय केलं, असं विचारलं जातं. एकदाच सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली असेल तर तो छंद लिहू नका.

सायकच्या, म्हणजे मानसशास्त्रज्ञाच्या लेखी चाचण्या सलग असतात आणि हात दुखून येतो. टीएटी या चित्रावरून गोष्ट लिहायच्या चाचणीत १२ चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. ३० सेकंद बघायचं, ४ मिनिटं लिहायचं. कोऱ्या चित्राची गोष्ट घरून ठरवून नेली तर हरकत नाही, फक्त ती तुमच्या आयुष्याच्या जवळची असावी. वर्ड असोसिएशनमध्ये ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद, शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचं. ‘फेल्युअर’ दिसला की ‘फेल्युअर इज द पिलर ऑफ सक्सेस’ लिहिणारे ढिगाने असतात आणि त्यातून लिहिणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. मग ६० प्रसंग, ३० मिनिटांत. समजा प्रसंग असा: परीक्षेला जाताना रस्त्यात अपघात दिसला. ‘जखमीला रिक्षातून दवाखान्यात पोचवलं, त्याच्या घरी फोन केला, परीक्षा गाठली’ एवढं उत्तर बस्स. रक्तही दिलं, गुन्हेगारही पकडला आणि पेपरातही पहिला आला, असं लिहिलंत तर वाचणारा मनात हसतो. शेवटी १५ मिनिटांत आईवडील, शिक्षक, मित्र आणि तुम्ही स्वतः स्वतःला कसं बघता ते लिहायचं, आणि पुढे कसं व्हायचंय तेही. हा भाग जाण्याआधी आईला खरंच विचारून लिहा. सायकच्या चाचण्या हिंदीतही लिहिता येतात.

मैदानावर दोन दिवस. गटचर्चा, नकाशावरचं नियोजन आणि मग पीजीटी: आठ-दहा जणांचा गट, एकापेक्षा एक अवघड असे चार अडथळे, हाताशी एक फळी, एक बल्ली (लाकडी वासा), एक दोर, आणि पलीकडे न्यायचं ओझं. लाल रंगाला माणूस किंवा सामान काहीच लागू द्यायचं नाही. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करायचं नाही, पूल घालायचा. फळी आणि बल्ली एकमेकांना बांधायची नाही. उत्तर बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं: फळी निम्म्याहून कमी पुढे काढायची, मागच्या टोकावर दोघांनी उभं राहून भार द्यायचा, पुढच्या टोकावरून सगळ्यात हलक्या माणसाने पलीकडे जायचं. घोळ होतो तो शेवटच्या माणसाचा. सगळे उत्साहात पुढे सरकतात आणि मागे भार द्यायला कुणी उरत नाही. म्हणून पहिला पलीकडे पोचला की त्याच्याकडे दोर द्या आणि फळीचं पुढचं टोक त्याला धरून ठेवू द्या. ‘मागे कोण राहणार?’ हा प्रश्न वेळेवर विचारणारा मुलगा जीटीओच्या नजरेत भरतो, मग त्याचं इंग्रजी मोडकं का असेना.

वैयक्तिक अडथळे दहा, वेळ ३ मिनिटं, गुण १ ते १०. जवळ असलेले आधी उरका. दहा गुणांच्या मागे धावून मिनिट घालवू नका. कमांड टास्कमध्ये तुम्ही प्रमुख असता आणि दोन सोबती निवडता, आणि तुमची युक्ती जमत आली की जीटीओ एखादी वस्तू काढून घेतो. तिथे वाद न घालता दुसरा उपाय काढायचा. लेक्चरेटला चार विषयांची चिठ्ठी मिळते, ३ मिनिटं तयारी, ३ मिनिटं बोलणं. माहितीचा सोपा विषय घेतलेला बरा. अवघड विषय घेऊन मिनिटभरात गप्प होणं महागात पडतं.

मुलाखतीत एका दमात आठ-दहा प्रश्न येतात: दहावीला किती, बारावीला किती, कमी का झाले, कोणते शिक्षक आवडायचे, कोणते नाही, का. क्रमाने उत्तर द्या. एखादा प्रश्न विसरलात तर ‘सर, पुढचा प्रश्न विसरलो’ म्हणणं ठोकून देण्यापेक्षा बरं. टक्के घसरले असतील तर त्यामागे खरं कारण सांगा, भले ते मोबाइल का असेना.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स. सगळ्या परीक्षकांसमोर काही मिनिटं बसायचं, राहणं-जेवण कसं होतं असं काहीसं विचारतात. निकाल त्याच दिवशी, चेस्ट नंबर पुकारून. निवड झालेले लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणीला जातात. कानातला मळ, वाढलेलं वजन, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना चिकटणं, नाकाचं वाकडं हाड यांवर मुलं अडकतात. मळ आणि वजन घरूनच सोडवता येतं, म्हणून एसएसबीच्या दोन महिने आधी जवळच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. तात्पुरते अपात्र ठरलात तर अपील मंडळापुढे ४२ दिवसांच्या आत जाता येतं.

क्लासच्या फीची ऐपत नसेल तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासनाचा एसएसबीचा मोफत वर्ग चालतो. राहणं-जेवणही मोफत, मात्र सीडीएस किंवा एनडीएचा लेखी टप्पा पार केलेला असावा किंवा एनसीसी अथवा टेक्निकल एंट्रीतून मार्ग मोकळा झालेला असावा. दहावीतच ठरलं असेल तर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी तशीच नाशिकला.

निवड झाली नाही तर वय संपेपर्यंत पुन्हा जाता येतं. परतीच्या गाडीत बसण्याआधी वहीत केंद्राचं नाव, बोर्ड क्रमांक, बॅच, चेस्ट नंबर आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या पीआयक्यूत हे सगळं भरावं लागतं, आणि मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न येतो: मागच्या वेळेनंतर तुम्ही नेमकं काय बदललं?