खोबरेलाचा साबण कापताना तुटतो?

निव्वळ खोबरेल तेलाचा साबण दुसऱ्या दिवशी कापायला घेतला, की कडांचे टवके उडतात, वडी मधोमध दुभंगते. चूक कृतीत नसते, वेळेत असते. हा साबण फार लवकर कडक होतो.

1. साच्यात ओतल्यावर चार तासांनी दाबून पाहा, मग दर तासाला. बोट रुतत नाही पण सुरी सहज उतरते, तेव्हा लगेच कापा. नारळाच्या वड्या कोमट असतानाच पाडतो ना, अगदी तसंच.
2. आधीच दगड झालाय? ओव्हन 50 अंशांवर तापवून बंद करा, लादी अर्धा तास आत ठेवा, मग कापा.

रबरी हातमोजे मात्र घालाच. ताज्या साबणातला कॉस्टिक सोडा त्वचा भाजतो.