खड्ड्यातून उसळलेली काळी-पिवळी: ठोकळ्यांचा कार्टून देखावा कसा बांधावा

ताडदेव आरटीओत शेवटच्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला मुदत वीस वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी मुंबईच्या टॅक्सीस्टँडवरून गेली. माझ्या मामांनी हयातभर तीच चालवली. त्यांच्यासाठी मी लेगोची पद्मिनी बांधायला घेतली. पहिली अगदी मापात बांधली. ती नीट झाली, पण मुकी राहिली. दुसरी कार्टून म्हणून बांधली, मुंबईत पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताच्या पाण्यात उसळलेली, आणि ती पाहून मामा मोठ्याने हसले. ती दुसरी कशी बांधली ते सांगते.

ठोकळे हातात घेण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा. माझं वाक्य होतं: टॅक्सी खड्ड्यातून उसळली आणि फुटपाथवरच्या माणसावर पाणी उडालं. या वाक्यात जे नाही, ते देखाव्यात आणू नका. मला वडापावची गाडी, सिग्नल, बसस्टॉप, सगळं घालायचा मोह झाला होता. सगळं काढलं तेव्हाच टॅक्सीकडे लक्ष जायला लागलं.

आता मापं. ठोकळ्यावरच्या दोन बटणांमधलं, म्हणजे स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. ब्रिकची, म्हणजे साध्या जाड ठोकळ्याची, उंची ९.६ आणि चपट्या प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेटची एक ब्रिक. यातून एक सोपं गणित निघतं, तेवढं पाठ करा: पाच प्लेट उंच म्हणजे दोन स्टड रुंद, दोन्ही १६ मिलिमीटर. ठोकळे बाजूला तोंड करून आडवे लावताना सगळं यावर चालतं.

खरी पद्मिनी रुंदीच्या अडीचपटीहून थोडी जास्त लांब. सहा स्टड रुंद गाडी मापात करायची तर सोळा स्टड लांब करावी लागेल. आपण दहाच ठेवू. बॉनेट आणि डिकी आखूड करा, मधली केबिन आहे तशी ठेवा, टप एका ब्रिकने उंच घ्या. चाकं एक नंबर मोठी घ्या आणि पार टोकांकडे सरकवा. गाडी लगेच गुबगुबीत दिसायला लागते. सगळंच वाढवू नका मात्र. मी एकदा चाकं, टप, बंपर, आरसे सगळं मोठं केलं, तर नुसती मोठी गाडी तयार झाली.

सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्याला द्या. पद्मिनीला तो जन्मतःच होता: दोन टोकांना दोन गोल दिवे, मध्ये जाळी, खाली बंपर. सहा स्टड रुंदीत दोन स्टडचा डोळा, दोनची जाळी, पुन्हा दोनचा डोळा, हिशोब बरोबर बसतो. हे सगळं समोर तोंड करून बसवायचं, म्हणजे स्टड पुढच्या बाजूला हवेत. इथे बहुतेक जण अडकतात. बाजूला स्टड असलेल्या दोन ब्रिक एकमेकींवर रचल्या तर त्यांच्या स्टडमधलं अंतर ९.६ होतं, आणि डोळ्याच्या २×२, म्हणजे दोन स्टड लांब आणि दोन रुंद, प्लेटला ८ लागतं. ती बसत नाही. जोर केला तर ठोकळा ताणला जातो. त्यापेक्षा उभ्या बाजूवर २×२ स्टड असलेले काटकोनी ब्रॅकेट शेजारी शेजारी तीन लावा आणि चेहऱ्याची उंची पाच प्लेट ठेवा.

डोळ्यासाठी पांढरी २×२ गोल प्लेट घ्या. तिच्यावर पाव वर्तुळाच्या १×१ टाइल, म्हणजे वर स्टड नसलेले गुळगुळीत चपटे तुकडे, बसतात, चार मिळून पूर्ण गोल. तीन पांढऱ्या आणि एक काळी लावली की झाली बुबुळाची नजर. काळी वरच्या कोपऱ्यात गेली की गाडी घाबरून वर बघते, खालच्या कोपऱ्यात गेली की खड्डा शोधते. दोन्ही डोळ्यांतली काळी टाइल फुटपाथच्या बाजूला ठेवली की टॅक्सी त्या भिजलेल्या माणसाकडे ओशाळून बघते. मी हीच नजर ठेवली. वरच्या दोन्ही टाइल काळ्या लावल्या तर पापण्या मिटून डुलकी लागल्यासारखी दिसते. तीही छान आहे, पण दुसऱ्या देखाव्यासाठी. बंपर म्हणजे तोंड. राखाडी १×४ टाइल एकाच स्टडवर अडकवा, शेजारी गुळगुळीत टाइल ठेवा, म्हणजे ती फिरते आणि तोंड वाकडं करता येतं.

रंग मुंबईचेच ठेवा: टप पिवळा, बाकी अंग काळं. काळ्यात खाचा दिसत नाहीत, म्हणून दरवाजाची कड आणि मूठ राखाडी करा. कुठला ठोकळा कुठल्या रंगात निघाला आहे हे आधी पाहायचं असेल तर ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचं स्टुडिओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे; त्यात पूर्ण गाडी संगणकावर बांधून तुकड्यांची यादी काढता येते. सुटे तुकडे घेताना नंबर बघा, तो बहुतेक ठोकळ्यांवर आतल्या बाजूला बारीक अक्षरात असतो.

पाण्यात माझी पहिली चूक झाली. मी ते निळं केलं. मामा म्हणाले, "बाळा, हे हिंदमाता नाही, हे समुद्राचं चित्र आहे." खरंच होतं. पावसात तिथलं पाणी चहाच्या रंगाचं असतं. म्हणून १६×३२ स्टडच्या तळावर आधी फिकट तपकिरी प्लेट पसरा आणि त्यांच्यावर बिनरंगी पारदर्शक टाइल घाला. खालचा रंग वर येतो आणि पाणी गढूळ दिसतं. उडणाऱ्या शिंतोड्यांसाठी पारदर्शक १×१ गोल प्लेट आणि छोटे उतरते ठोकळे, चाकापाशी दाट, पुढे विरळ. पारदर्शक तुकडे एकमेकांत फार घट्ट बसतात आणि काढताना ओरखडे पडतात, तेव्हा लावण्याआधी जागा ठरवा.

गाडी उसळलेली दिसण्यासाठी पुढची चाकं मागच्यांपेक्षा एका ब्रिकने वर हवीत. दोन चाकांत सहा स्टडचं अंतर असेल तर साधारण ११ अंशांचा कल येतो, डोळ्याला तेवढा पुरतो. पुढच्या भागाखाली पारदर्शक ब्रिकचा खांब लावा आणि त्याच्याभोवती शिंतोडे रचा. खांब पाण्यातच लपतो.

फुटपाथवरचा माणूस एकच असू द्या. मिनीफिगरचे, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसाचे, दोन्ही पाय वेगवेगळे हलतात. एक मागे, एक वर, हात पुढे, की उडी मारून मागे सरलेला माणूस झाला.

नवं मॉडेल मामांना दाखवलं. त्यांनी ते हातात धरून सावकाश फिरवलं आणि विचारलं, "मीटर कुठंय?" मी विसरले होते. डाव्या बाजूला, बाहेर, बॉनेटपाशी. एक क्लिप, एक काळी १×१ ब्रिक आणि वर लाल टाइल एवढंच लागलं. लावल्यावर त्यांनी बोटाने ते खाली पाडलं, भाडं मिळाल्यावर पाडायचे तसं.

देखावा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, पांढरे डोळे पिवळे पडतात. धूळ मऊ ब्रशने काढा. तुकडे धुवायचेच तर कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत. नंबरप्लेटला स्टिकर लावलं असेल तर ते पाण्यात घालू नका. फोटो काढताना फोन टेबलाला टेकवा आणि टॅक्सीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा.