मंडळात नुसतं जेवायला जाऊ नका : स्टुटगार्टला शिकायला येणाऱ्यांसाठी

"पहिलं वर्षभर मराठी माणसांपासून लांब राहा, म्हणजे जर्मन लवकर येईल," असा सल्ला इकडे निघालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी देतोच. मला तो अजिबात पटत नाही. जर्मन अडते ती मराठीत गप्पा मारल्यामुळे नाही, खोलीत एकट्यानं बसून राहिल्यामुळे. मास्टर्स इंग्रजीतून, वर्किंग स्टुडंटची नोकरी इंग्रजीतून, संध्याकाळी घरच्यांशी व्हिडिओ कॉल. अशी दोन वर्षं निघून जातात आणि शेजारच्या बिऱ्हाडाचं नावही माहीत नसतं. 2022-23 पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सगळ्यांत जास्त आहे. त्यामुळे वर्गात आपली माणसं सहज भेटतात, पण ती सगळी तुमच्याइतकीच नवखी असतात.

इथल्या मराठी मंडळात जुनी माणसं भेटतात, हा पहिला फरक. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचं घर घेऊ नका. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही, आणि खोली न बघता तर एक युरोही पाठवू नका. हे नेटवर सापडतं, कबूल. पण रात्री अकरा वाजता करारनाम्याचा फोटो पाठवला तर "कलम सातवर सही करू नकोस, सकाळी फोन कर" असं सांगणारी वहिनी नेटवर सापडत नाही. या भागातली केअरवोखं हीसुद्धा अशीच गोष्ट. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते, दाराला पाटी लटकली की पाळी तुमची. ती चुकवली की शेजारी बोलत नाहीत, आणि का बोलत नाहीत हे सांगतही नाहीत.

मंडळाचा खरा उपयोग मात्र याच्या पुढचा आहे आणि तो काम करणाऱ्यालाच मिळतो. गणपतीचंच घ्या. हॉल चर्चचा नाहीतर एखाद्या क्रीडा संस्थेचा, त्याचं बुकिंग कित्येक महिने आधी आणि जर्मनमधून. गाणी लावायची तर गेमा या संगीतहक्कांच्या संस्थेकडे नोंद करून पैसे भरायचे. रात्री दहानंतर ढोल बंद. विसर्जन टबात, म्हणून मूर्ती शाडूची आणि बेताची. शेवटी हॉल ताब्यात द्यायचा तेव्हा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, येतो. खुर्च्या नीट रचल्यात का बघतो, ओट्याखाली वाकून डोकावतो, फरशीवर गुलाल राहिला असेल तर ओल्या फडक्यानं पुन्हा पुसायला लावतो.

नव्या मुलांना मी मुद्दाम याच वेळी थांबवून घेते. नांदेडची एक मुलगी होती, जर्मनची बी-वन ही मधल्या पातळीची परीक्षा पास झालेली, पण बेकरीत पाव मागतानाही इंग्रजीवर यायची. फरशी पुसताना हाउसमाइस्टरनं तिला विचारलं, हा रंग कशासाठी? मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिनं पार्वतीच्या मळापासून हत्तीच्या डोक्यापर्यंत सगळी गोष्ट सांगितली. तो फडकं हातात घेऊन ऐकत उभा होता. पुढच्या वर्षी हॉलचं बुकिंग तिनंच केलं, फोनवरून.

इथे संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. मग घटना, निवडलेलं कार्यकारी मंडळ, सभेचं इतिवृत्त, पै-पैचा हिशोब. खजिनदाराला मदत करा. बँक आणि करखात्याची पत्रं कशी वाचायची, त्यांना उत्तर कसं लिहायचं, हे कुठल्याच भाषावर्गात शिकवत नाहीत. नोकरीच्या अर्जात असं काम जरूर लिहा, बिनपगारी समाजकामाला इथे मान आहे.

मंडळात सगळं गोडच असतं असं नाही. आडनाव ऐकून पुढचे अंदाज बांधणारे भेटतात. "पुण्यात कुठे?" हा पहिला प्रश्न लातूर-परभणीच्या मुलांना टोचतो. काही ठिकाणी विद्यार्थी फक्त सतरंज्या उचलायला हवे असतात, निर्णय घेताना त्यांना कोणी विचारत नाही. अशा वेळी निघून जाऊ नका. वार्षिक सभेला जा, विद्यार्थ्यांसाठी कमी वर्गणी मागा, कार्यकारिणीत एक जागा मागा. पहिल्या वर्षी नाही मिळाली तर दुसऱ्या वर्षी पुन्हा मागा. आम्हीही मागूनच मिळवली, आणि ज्या वर्षापासून मुलं कार्यकारिणीत आली त्या वर्षापासून कार्यक्रमात लावणीबरोबर रॅपही आलं आणि प्रेक्षकांत मुलांचे जर्मन वर्गमित्रही दिसू लागले.

मंडळाच्या जोडीला एक स्थानिक संस्थाही धराच. गिर्यारोहण, टेबल टेनिस, गावातलं गायनमंडळ, काहीही चालेल. एकट्यानं दार ठोठवायला संकोच वाटत असेल तर मंडळात विचारा, कोणाचा तरी मुलगा तिथे खेळत असतोच. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. बोलायला विषय नसेल तर हा चांगला विषय आहे, अनेक स्थानिकांनाही तो माहीत नसतो.

हिवाळी सत्रासाठी सप्टेंबरात पोहोचणार असाल तर तिकीट काढलंत की लगेच मंडळाला मेल टाका, आणि "कार्यक्रम कधी आहे?" एवढंच न विचारता "कुठल्या कामाला माणूस कमी आहे?" असं विचारा. गणपती हुकला तरी दिवाळीच्या फराळाला हात लागतातच.