कडक प्लास्टिकचं पाकीट सुरीने फोडू नका
म्हापशाच्या बाजारातून आणलेली बॅटरी असो नाहीतर दाढीचं मशीन, कडक प्लास्टिकचं पाकीट दिसलं की हात सुरीकडे, नाहीतर आदोळीकडे, म्हणजे विळीकडे जातो. तेवढं करू नका. प्लास्टिक आधी दाद देत नाही, मग एकदम सुटतं आणि पातं थेट पाकीट धरलेल्या हातात घुसतं. माझ्या अंगठ्याखालचा व्रण त्यातलाच. पत्रा कापायची कात्री घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाकीट पालथं धरून, चिकटवलेल्या कडेच्या १ सेंटिमीटर आतून तिन्ही बाजू कापा. कात्री पूर्ण मिटू नका, नाहीतर टोकेरी दाते उरतात. कापलेली कड ब्लेडसारखी असते. टॉवेलने धरूनच उघडा. आणि ते प्लास्टिक कागदात गुंडाळूनच सुक्या कचऱ्यात द्या, कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचे हात बऱ्याचदा उघडे असतात.